वच्छलाची खिरापत

मला एक खोड आहे. शेजारच्या घरात आज काय शिजलं हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आमचे मास्तर याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे. वर्गातली पोरं प्रश्न विचारत नाहीत म्हणून रोज कपाळाला हात लावणाऱ्या माणसाने बायकोच्या प्रश्नांना नावं ठेवू नयेत.

पण सत्तावन्न साली अमरावतीच्या आमच्या गल्लीत एक घर असं होतं की तिथलं मला काही कळेना. भिंतीपलीकडे रुख्मिणीमावशी, त्यांचा मुलगा चंद्रभान आणि सून वच्छला. चंद्रभान कापसाच्या जिनात फिटर, वच्छला अकोल्याची. चैत्रात तिला मुलगी झाली आणि बारसं व्हायच्या आधीच गेली. मावशींनी घरात ताकीद दिली, तो विषय काढायचा नाही. "नाव ठेवेल नाही त्या लेकरासाठी रडू नये, जीव घुटमयते त्याचा," असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी दुष्टपणाने केलं नव्हतं. त्यांच्या सासूने त्यांना तेच सांगितलं होतं, आणि आपली दोन लेकरं गेली तेव्हा त्यांनीही ते निमूट ऐकलं होतं.

वच्छला रडली नाही. बोलायचीही बंद झाली. पाणी भरायची, भाकरी थापायची आणि आपल्या ताटातली भाकर चिवडत बसायची. डॉक्टर झाले, अंगारे झाले. शेवटी मावशी म्हणायला लागल्या, "तिले अकोल्याले धाडतो. बापाच्या घरी बरी होईन." अशी धाडलेली सून परत येत नसते. मागून फारकत होते आणि घरात दुसरी येते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वच्छलाला तर होतंच.

भादव्याच्या पुनवेला घरोघर मातीच्या भुलाबाई बसल्या. आमच्याकडे तिथून कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की त्या घरची खिरापत येते, पण बंद डब्यात. पोरींनी डबा हलवायचा, कानाला लावायचा, हुंगायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर करणारीची कॉलर ताठ. आता बायकांना कॉलर नसते, पण तुम्हाला कळलं असेल. मावशींची कंबर धरली होती, म्हणून यंदाची खिरापत वच्छलाच्या गळ्यात पडली.

पहिल्या दिवशी पोरींनी डबा हलवला. जड होता आणि आवाज अजिबात नाही.

"शिरा!"

"सांजा!"

"मंग हलवा असन!"

वच्छलाने नुसती मान हलवली. पोरी हरल्या. डबा उघडला तर आत खडखडीत शेंगदाण्याचे लाडू! एवढे लाडू वाजले कसे नाहीत? पोरी लाडू खाऊन पुढच्या घरी गेल्या, मला मात्र रात्रभर चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी डब्याला हिंगाचा घमघमाट. पोरी चिवड्यावर ठाम राहिल्या आणि निघाली गूळपापडी. पुढे एकदा डबा खुळखुळ वाजला. फुटाणे, वटाणे, चुरमुरे, सगळं म्हणून झालं. निघाली केळी. गल्लीभर चर्चा. पोरी वच्छलाचं घर मुद्दाम शेवटी ठेवायला लागल्या, आणि त्यांच्या आया कशाचं तरी निमित्त काढून दारात उभ्या राहायला लागल्या. मी तर निमित्तही काढत नसे.

शेवटी एका दुपारी मी सरळ तिच्या स्वयंपाकघरात शिरले. वच्छला डबा कानाशी धरून बसली होती. हलवायची, ऐकायची, उघडून काहीतरी सरकवायची, पुन्हा हलवायची. समोर परातीत करून पाहिलेल्या करंज्यांचे तुकडे होते आणि त्यातला एक तिच्या तोंडात होता. वच्छलाच्या तोंडात घास! मी दारातच थबकले.

"काय करून राहिली वो?"

"तुमाले सांगन तर तुमी पोरीइले सांगसान."

"मी? मी कोनाले काई सांगते का?"

ती हसली. माझ्यावरच हसली, पण सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली. मग तिने डबा पुढे केला. तळाला जिनातला कापूस, त्यावर धुतलेलं फडकं, कडेनेही कापूस. प्रत्येक करंजी अशी बसवलेली की हलायला जागाच नाही. हिंग झाकणाला बाहेरून चोळला होता. केळ्यांच्या दिवशी खाली वाटीत चिंचोके झाकले होते.

"सुचते कसं तुले हे?"

"काय मालूम," ती म्हणाली. "रातच्याले डोया लागत नाही तवा पहिले एकच गोष्ट डोक्यात फिरे. आता हेही फिरते. उद्या काय लपवू, कसं लपवू. मंग सकाय कवा होते तेच समजत नाही."

मी घरी येऊन याचा पुष्कळ विचार केला. तिचं दुःख उणं झालं होतं असं मला वाटत नाही. पण दुःखाच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते तिने स्वतः घडवलेलं होतं. चव पाहायची म्हणून ती खात होती. पोरींना चिडवायचं म्हणून बोलत होती. अंगाऱ्याने जे झालं नाही ते एका डब्याने कसं केलं, हे कोडं मला काही सुटलं नाही. आमच्या मास्तरांनाही नाही, आणि ते बी.ए. आहेत.

घात झाला तो दोन दिवसांनी. मावशी कंबर धरत स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि त्यांना काय दिसलं, तर सून डब्यात कापसाची गादी घालतेय, वरून फडकं नीट करतेय आणि पाळण्याशी बसल्यासारखी गुणगुणतेय. त्या तडक माझ्याकडे आल्या.

"कौशल्या, पोरीचं डोकं फिरलं वो! डब्यात पायना करून राहिली!"

"मावशी, तो पायना नाही, खिरापतीची युक्ती हाय ते!"

"मले शिकवू नको. म्या आपल्या डोयानं पाह्यलं."

मी तावातावाने सगळं समजावलं. माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. त्यांनी ऐकलं नाही ते नाहीच. भीतीने कान बंद होतात माणसाचे. त्याच दिवशी अकोल्याला जाणाऱ्या एकाजवळ त्यांनी निरोप धाडला, की लेकीला घेऊन जा.

कोजागिरीच्या संध्याकाळी वच्छलाचे वडील खुशालराव आले. काठी भिंतीला टेकवून बाजेवर बसले आणि पोरीकडे पाहत राहिले. चंद्रभान खाली मान घालून उभा. सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं. वच्छलाने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "आजची खिरापत होऊ द्या, बाबा."

पोरी आल्या. भुलाबाईच्या मांडीवर मातीचा गणपती होता, त्याचीही त्यांनी गाणी म्हटली. मग डबा आला. मी तो मुद्दाम हातात घेऊन पाहिला. आज हिंग नव्हता आणि कापूसही नसावा, कारण आत काहीतरी मऊ मऊ आपटत होतं. लपवलेलं असं काहीच नव्हतं. तरी कोणाला ओळखता येईना. उसळ, भजी, बोरं, उकडलेल्या शेंगा, पोरींनी जंग जंग पछाडलं. मीही हरले.

वच्छलाने झाकण काढलं. आत घुगऱ्या होत्या, उकडलेले गहू आणि हरभरे.

"हॅट! घुगऱ्या का खिरापत असते काय?" एक पोरगी म्हणाली. "त्या तं बारशाच्या असतात!"

"बारशाच्याच हायेत," वच्छला म्हणाली. "आमच्या पोरीच्या. मी तिचं नाव जयवंता ठेवलं होतं. कोनाले सांगाचं राहून गेलं."

चंद्रभानने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. सगळ्यांचं लक्ष मावशींकडे होतं. त्या खांबाला धरून उठल्या, कंबर सावरत वच्छलासमोर आल्या आणि खेकसल्या.

"आजीले पयले देत असतात. एवढंही शिकवलं नाही का तुले कोनी?"

वच्छलाने ओंजळ भरून दिली. मावशींनी उभ्याउभ्याच खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण घास काही थांबला नाही. मग पदराने तोंड पुसून त्या व्याह्यांना म्हणाल्या, "खुशालराव, सकायच्या गाडीनं तुमी एकलेच जा. पोरगी आमची इथंच राहीन." खुशालरावांनी मान डोलावली आणि घुगऱ्यांसाठी हात पुढे केला.

मला वाटलं, झालं. पण मावशींनी वच्छलाच्या हातातून डबा घेतला आणि तशाच वाकत वाकत चांदण्यात बाहेर पडल्या. कोजागिरीमुळे गल्ली जागीच होती. मी मागोमाग गेले. त्या दारोदार थांबत होत्या, बायकांच्या हातावर घुगऱ्या घालत होत्या, आणि आजवर ज्या लेकराचा विषय काढू देत नव्हत्या त्याचं नाव घेऊन मोठ्याने सांगत होत्या, "घे वो, आमच्या जयवंताचं बारसं हाय आज."