न विचारता घेतलेलं माप

आमच्या दुकानात कंबरेचं माप पुकारताना दहा इंच कमी सांगतात. ही पद्धत माझ्या थोरल्या जाऊबाईंची. आम्ही दोघी मिळून कपडे अल्टर करून देतो. मी पुढे काउंटरपाशी टेप लावून आकडा पुकारते आणि त्या मागच्या टेबलावर त्यात गुपचूप दहा मिळवून कापडावर खडू ओढतात. खुर्च्यांवर बसलेल्या बायकांना "चौतीस" ऐकू जातं, आणि जिची कंबर चव्वेचाळीस असते ती आमची जन्माची गिऱ्हाईक होते.

अलीकडे मात्र जाऊबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. मी आकडा पुकारला की मशीन थांबवायच्या. "इथे येऊन सांग. ओरडायला हा काय बाजार आहे?" मी तोंड वाकडं करून टेबलापर्यंत जायची. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या. वाटलं, माझ्यावरच कसला तरी राग आहे.

त्यात काउंटरवरच्या कॉम्प्युटरच्याही अंगात आलं. गिऱ्हाइकाला बाह्यांचे नमुने दाखवायला स्क्रीन वळवावी, तर शेजारी कानाच्या मशीनची जाहिरात. कॉलर काढावी, तर तिथेही कान. एक हसरे आजोबा कानामागे हात धरून रोज माझ्याकडे बघायला लागले. एका बाईंनी तर माझ्या अगदी तोंडाशी येऊन विचारलं, "कोट... कधी... मिळेल?"

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "त्या कंपनीला आत्ता कळलं? तू ऐकत नाहीस हे मी लग्नापासून सांगतोय."

शेवटी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, त्या कॉम्प्युटरवर कुणीतरी ते शोधलं असणार. तू काय बघतेस, कुठे रेंगाळतेस, सगळं टिपतात. ब्राउझर त्यांचा, शोध त्यांचा, ईमेल त्यांची, जाहिरातीही त्यांच्याच."

"म्हणजे आपण सगळ्या मुली एकाच घरात दिल्या की!"

"दिल्या. आणि ते तुमचं माप घेऊन त्यावर धंदा करतात. दहा इंच कमी न करता."

हे मात्र मला झोंबलं. आम्ही माप घेतो ते समोर उभं राहून, टेप दाखवून, "हात वर करा" म्हणून. ही कुठली रीत, न विचारता माप घ्यायची आणि गावभर मिरवायची?

सुट्टीच्या दिवशी फोन स्पीकरवर ठेवला आणि लेकीच्या सांगण्यावरून दुसरा ब्राउझर उतरवून घेतला. मी कॉम्प्युटर शिकले तो शिवण शिकले तसाच, चुकत आणि उसवत. जाहिरातवाल्यांना मागे लागू न देण्याची खूण केली, शोधायची जागाही बदलली. नवं पान कोरं करकरीत. जुना कसा, दोन अक्षरं टाकली की पुढचं आपणच बोलायचा. याला ओळख ना पाळख. थोडं चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू?

"आता जुना काढून टाक," लेक म्हणाली.

"थांब!" मागून जाऊबाई आल्या, हातात कात्री तशीच. "त्यात माझं एक पान उघडं आहे."

"कसलं पान?"

फोनमधून घाईघाईने आवाज आला, "आई, मी नंतर करते." पोरीला माझ्याआधी कळलं होतं.

जाऊबाई स्टुलावर टेकल्या. "मशीन चालू असलं की तुझे आकडे मला ऐकू येत नाहीत. तू जवळ आलीस की ओठ बघून कळतात. म्हणून तू गेल्यावर मी ती कानाची मशीनं बघत बसायची. तुला कळलं असतं तर घरी बसवलं असतंस मला."

"मी? तुम्हाला? अहो, दहा मिळवायचं कोण मग?"

जाऊबाई कात्री नुसती उघडमीट करत राहिल्या.

"आणि ताई, इतके दिवस गावात बहिरी मी ठरले!"

"मग काय, जाहिरात माझी आहे म्हणत पुढे येऊ?" म्हणाल्या, आणि मग दोघींनाही हसू आवरेना.

नव्या ब्राउझरमध्ये सगळ्यात आधी आम्ही त्यांचं ते पान उघडलं. दोघींनी मिळून, चष्मे लावून, मशीन निवडलं. मग जुन्याला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी बाह्यांच्या शेजारी बाह्याच होत्या. आजोबा गेले ते गेलेच.

आता जाऊबाईंच्या कानात ते इवलंसं मशीन असतं, वरून केस ओढलेले. परवा खुर्च्या भरलेल्या असताना मी जागेवरूनच पुकारलं, "चौतीस!"

शिलाई मशीन थांबलं नाही. मागून खणखणीत आवाज आला, "चौतीस! घेतलं!" टेपमधली बाई लाजून अशी काही फुलली की बास.

"आणि काय गं," आवाज पुढे आला, "सकाळी खडू शोधताना 'बाईंचा पसारा बघा' असं पुटपुटलीस, तेही घेतलंय."