सव्वीस, बावीस, अठरा

जयपूरच्या सीतापुऱ्यात, कपड्यांच्या कारखान्यांच्या मागे, पत्र्याच्या एका शेडमध्ये हनुमान सहाय मीणांचं धनुष्यांचं दुकान आहे. तिथे नवरा कुठलं धनुष्य पसंत करतो याची डॉ. सुमित्राला एवढी धास्ती वाटायचं एरवी काही कारण नव्हतं. साड्यांच्या दुकानात नवरे बसतात तसं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, विचारलं तर मान हलवायची, इतकंच तिचं काम. पण श्रीधरला जे माहीत नव्हतं ते तिला मार्चपासून माहीत होतं, आणि आता ऑगस्ट उजाडला होता.

श्रीधर विमा कंपनीतला. सांगलीचा माणूस बदलीवर जयपूरला आला, सुमित्राला इथल्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञाची नोकरी लागली, आणि तो निवृत्त झाल्यावरही दोघं इथेच राहिली. या गावाने त्याला एकच व्यसन लावलं, तिरंदाजीचं. तेही जुन्या वळणाचं. नेम धरायला धनुष्याला काही म्हणजे काही लावायचं नाही. डोळ्याने बघायचं आणि बोटांनी सोडायचं. आमेरच्या पुढे एका शेतात दर रविवारी पाच-सहा जण जमायचे, त्यांत हा एकटा मराठी. धनुष्य बांबूचं, चाळीस पौंडांचं. म्हणजे दोरी गालापर्यंत ओढायला चाळीस पौंडांचा जोर लागायचा, आणि तो आकडा श्रीधर लोकांना मुलीचे मार्क सांगावेत तसा सांगायचा.

फेब्रुवारीत त्याच्या उजव्या हाताची बोटं दगा द्यायला लागली. आधी शर्टाचं वरचं बटण, मग कुलपातली किल्ली. तपासण्या झाल्या त्या सुमित्राच्याच इस्पितळात, गोपीनाथकडे. गोपीनाथ मेंदू आणि नसांचा डॉक्टर, तिचा जुना सहकारी, सज्जन माणूस. पण डॉक्टरांची एक रीत आहे आणि ती फार वाईट आहे. घरात कुणी डॉक्टर असला की रिपोर्ट आधी त्याच्या कानावर घालायचा, ज्याचं शरीर आहे त्याला नंतर. गोपीनाथने सुमित्राला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जाणार. हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. बरं करणारं औषध नाही. "श्रीधरला कसं सांगायचं ते तू ठरव," असं म्हणून तो मोकळा झाला.

सुमित्राने ठरवलं ते असं. घरी येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, "मानेतली नस दबलीय. फिजिओ करायचा. वेळ लागेल, पण होईल ठीक."

किती सहज निघालं ते खोटं! तीस वर्षं ती दुसरं काय करत होती? ऑपरेशनच्या टेबलावर थरथरणाऱ्या माणसाच्या कानाशी वाकायचं आणि म्हणायचं, काही नाही, आता छान झोप लागेल. तिचा आवाज त्यासाठीच नावाजलेला होता. फरक एवढाच की ती माणसं बहुतेक उठायची.

त्यानंतर रोज सांगू सांगू म्हणून राहिलं. आज त्याचा वाढदिवस आहे. आज टोरांटोहून गिरिजाचा फोन आलाय, लेकीशी बोलून खूश आहे. आज जेवला चांगला. सांगायला वाईट दिवस हवा होता, आणि श्रीधर एकही दिवस वाईट घालवायला तयार नव्हता. फिजिओला जायचा, तिची चेष्टा करायचा, गॅलरीत काहीतरी खुडबुड करत बसायचा. टोरांटोला जाताना बॅगा तोलायला घेतलेला हातकाटा त्याने गॅलरीच्या ग्रिलला टांगला होता. रद्दीवाल्यासाठी असेल म्हणून तिने तो दोनदा कपाटात ठेवला, दोनदा तो परत ग्रिलवर आला. तिने नाद सोडला.

मग एक दिवस तो म्हणाला, "नवं धनुष्य घेऊ. नट-बोल्टवालं."

सुमित्रा बघतच राहिली. असल्या धनुष्यांची त्याने आजवर यथेच्छ टिंगल केली होती. मधे धातूची मूठ, तिला वर आणि खाली एकेक पातं स्क्रूने बसवायचं, टोकं पुढे वळलेली. "हे काय धनुष्य आहे? हे तर फर्निचर," असं तो म्हणायचा. पण त्याचा एक गुण मोठा. बांबूचं धनुष्य जितक्या पौंडांचं तितक्याच पौंडांचं, जन्मभर. याची मूठ तीच ठेवून नुसती पाती बदलली की जोर कमी-जास्त होतो. शिकणारे हलक्या पात्यांपासून सुरुवात करतात आणि हात तयार होईल तसे वर चढतात. "नेम मी जुन्याच पद्धतीने धरणार," श्रीधर म्हणाला. "फक्त ओझं कमी."

तिने मनाशी पक्कं केलं, धनुष्य घ्यायच्या आधी सांगायचं. आपल्या तोंडून, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्याला तिच्याकडून कळलं पाहिजे, एवढं एकच तिच्या हातात उरलं होतं. गाडी ती चालवत होती. टोंक रोडवर तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा एसी कमी केला.

मीणाजी पूर्वी मुलांना तिरंदाजी शिकवायचे. त्यांनी श्रीधरला दोन्ही हात पसरून भिंतीला टेकवून उभं केलं आणि टेपने माप घेतलं. त्या मापावर धनुष्याची उंची ठरते. मग श्रीधर म्हणाला, "मॅडम का भी नाप लीजिए."

"माझं कशाला?" सुमित्रा म्हणाली.

"घेऊ दे गं. फुकट आहे."

तिनेही हात पसरले. मीणाजींनी दोन्ही मापं टेबलावर खडूने लिहिली. मग त्यांनी तीस पौंडांची पाती लावून धनुष्य श्रीधरच्या हातात दिलं. बाण लावला, समोर गवताच्या गासड्या होत्या. श्रीधरने उजव्या हाताची तीन बोटं दोरीत अडकवली आणि ओढायला सुरुवात केली. दोरी छातीपर्यंत आली आणि बोटं आपोआप उघडली. बाण पाच पावलांवर फरशीवर आपटून घरंगळला.

मीणाजींनी वाकून बाण उचलला आणि हळूच म्हणाले, "सर, छब्बीस देखते हैं."

आणि इथे सुमित्राचा घात झाला. त्या पडलेल्या बाणाकडे तिला बघवेना. टेबलावरच्या माणसाच्या कानाशी यायचा तोच आवाज आला, गोड, ठाम. "तीसच घे श्रीधर. फिजिओ चालू आहे ना? दिवाळीपर्यंत सहज ओढशील. आत्ता हलकं घेतलंस तर नंतर वाया जाईल."

श्रीधर वळून तिच्याकडे बघत राहिला, बराच वेळ. रागाने नाही. स्टेशनवर कुणाला घ्यायला जावं, सगळी गाडी रिकामी व्हावी आणि तो माणूस उतरूच नये, तेव्हा जसं बघतात तसं. मग तो मीणाजींकडे वळला.

"लेफ्ट हँड का दिखाइए."

मीणाजी गोंधळले. या धनुष्यांची मूठ एकाच हातासाठी कापलेली असते, उजव्याची वेगळी, डाव्याची वेगळी. बांबूला तसलं काही नसतं. "लेकिन सर, आप तो राइट हैं।"

"था."

डाव्या हाताची मूठ आली, तिला सव्वीस पौंडांची पाती लागली. आता उजव्या हाताला फक्त रेटून धरायचं काम होतं. धनुष्य आवळायचं नसतंच, तळव्यावर टेकवायचं असतं. श्रीधरने डाव्या हाताने दोरी ओढली ती सरळ गालापर्यंत. बाण गासडीत बसला, पण मधोमध नाही, हातभर बाजूला.

"आँख आपकी सीधी वाली तेज़ है सर," मीणाजी त्याच्या उजव्या डोळ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "हाथ उल्टा करोगे तो निशाना बिगड़ेगा।"

"बिगड़ने दीजिए. यही दे दीजिए. और पाती तीन जोड़ी. छब्बीस, बाईस, अठारह."

मीणाजी हसले. "सर, उल्टा बोल गए. लोग अठारह से शुरू करके छब्बीस तक जाते हैं।"

"मुझे नीचे ही जाना है," श्रीधर म्हणाला.

सुमित्राला कळलं. ज्याची नस सुटणार आहे, ज्याला दिवाळीपर्यंत बरं व्हायचंय, तो माणूस हात बदलत नाही. तो पाती उतरत्या क्रमाने घेत नाही. ती स्टुलावरून उठली.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. बाहेर कारखान्याची पाळी सुटली होती, माणसं डबे घेऊन बसच्या मागे धावत होती.

"कुणी सांगितलं तुला? गोपीनाथने?"

"गोपीनाथ कशाला सांगतोय? तो तर मला बघून कॅन्टीनमधून पळतो." श्रीधरने धनुष्याची पिशवी मांडीवर घेतली होती. "काटा. गॅलरीतला. रोज सकाळी दोरी काट्याला अडकवायची आणि ओढायची. फेब्रुवारीत चाळीस यायचे. मग छत्तीस. मग एकतीस. एकदाही वर गेला नाही गं तो आकडा. तुझ्या त्या फिजिओने एका पौंडाचीही भर घातली नाही. मी अख्खा जन्म विम्यात काढला, सुमित्रा. माणूस कुठल्या दिशेला चाललाय ते मला कळतं. बाकीचं नेटवर वाचलं. सगळं वाचलं, शेवटापर्यंत."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी वाट बघत होतो."

तिला रडू फुटलं. तो थांबला नाही. इतक्या वर्षांत त्याने तिच्यावर आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"रोज वाटायचं, आज सांगेल. रात्री दिवा मालवताना वाटायचं, आता. म्हटलं, तिला जड जात असेल, तिचा वेळ घेऊ दे. मला एकट्याला ते घेऊन त्या घरात वावरताना काय वाटत असेल, सुमित्रा? तू समोर बसलेली, मी समोर बसलेला, आणि दोघं एकमेकांना फसवतोय. आज मुद्दाम तुला बरोबर आणलं. बाण पडला तेव्हा वाटलं, आता तरी. आणि तू म्हणालीस, तीस घे."

"मला बघवलं नाही रे."

"मला तरी कुठे बघवलं? पण बाण माझाच होता ना?"

तिला माफी मागायची होती, पण तोंडातून येणारा आवाज कुठला असेल याचीच तिला भीती वाटली. तो तिचा खरा आवाज असेल याची खात्री तिची तिलाच नव्हती.

मग तो म्हणाला, "एक कबूल कर. यापुढे मी विचारलं की खरं सांगायचं. काहीही विचारलं तरी."

"हो."

"अठराची पाती माझी नाहीत. मी तिथवर पोचेन तेव्हा माझ्या हाताने काही ओढलं जाणार नाही. ती तुझ्या मापाची आहेत. आणि मूठही. तू डावरी आहेस."

सव्वीस दिवाळीपर्यंत चालली. बावीस संक्रांतीच्या आधीच कपाटात गेली. उन्हाळ्यात श्रीधरच्या मांडीवरचा हात त्याला आपला आपण उचलता येईना. जीभ जड झाली. सुमित्राने नोकरी सोडली. मधल्या काळात त्याने काय काय विचारलं आणि तिने काय काय सांगितलं, ते त्या दोघांपाशीच राहू दे. ती दर वेळी खरं बोलली. काही वेळा सांगून झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

पुढच्या डिसेंबरात, एका रविवारी, तिने त्याला आमेरच्या पुढच्या त्या शेतावर नेलं. मित्रांनी चाकाची खुर्ची उचलून बांधावर ठेवली आणि ते समजुतीने लांब गेले. खुर्ची लक्ष्याकडे नव्हती, तिच्याकडे तोंड करून होती. तसं त्यानेच सांगितलं होतं. मान आता वळत नव्हती, म्हणून एकच काहीतरी बघता येणार होतं, आणि त्याला तिचा हात बघायचा होता.

अठरा पौंड तिला पेलण्यासारखे होते. तिने बाण लावला. डावा हात गालापर्यंत नेला. गव्हाच्या कोवळ्या रोपांवर दव होतं, तिचा श्वास वाफेसारखा बाहेर पडत होता. तिने सोडला.

बाण गासडीच्या जवळपासही गेला नाही. पार पलीकडे, बाभळीच्या काट्यांत शिरला.

"लागला?" श्रीधरने विचारलं. शब्द आता नीट उमटत नसत, पण एवढा तिला कळला. तो तिच्याकडे डोळे लावून बसला होता. त्याला लक्ष्य दिसत नव्हतं, दिसणारही नव्हतं. मित्र लांब होते. सांगणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

तो जुना आवाज तिच्या घशापर्यंत आला. लागला, अगदी मधोमध, असं म्हणायला. किती सोपं होतं ते, आणि त्याचा चेहरा क्षणभर कसा उजळला असता.

"नाही," ती म्हणाली. "चुकला."

"किती?"

"खूप. बाभळीत गेला."

श्रीधरने डोळे मिटले, उघडले. मग एकेक अक्षर जमवत, दम घेत, त्याने सांगितलं, "कोपर... वर घे."

तिने भात्यातून दुसरा बाण काढला आणि कोपर वर घेतलं.