पंखाखालची खूण

"हे काय आहे?" परीक्षकांनी कोंबड्याचा डावा पंख पूर्ण उलगडून विचारले.

शुभ्र पिसांच्या मुळाशी बोटभर गुलाबी पट्टा होता. मीराबाई एक पाऊल पुढे झाली.

"आमची खूण हाये, साहेब."

"रंग आहे हा."

"रंगाचीच खूण हाये."

परीक्षकांनी सोबतच्या माणसाच्या कानात काही सांगितले व ते पुढच्या पिंजऱ्याकडे वळले.

गोंडपिपरीच्या मैदानावर ते कुक्कुट प्रदर्शन भरले होते. पांढऱ्या गटाचे नियम मांडवाच्या दाराशी फलकावर लिहिले होते. पिसारा संपूर्ण शुभ्र असावा, परक्या रंगाचे एकही पीस नसावे, तुरा लाल व उभा असावा, पाय पिवळे असावेत. तो फलक मीराबाईने मला पुन्हा पुन्हा वाचावयास लावला होता आणि प्रत्येक ओळीला तिने कोंबड्याकडे पाहून मान डोलावली होती. मी सादिक, तिचा शेजारी. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावाहून मीच तिला माझ्या ऑटोने आणले होते.

त्या खुणेविषयी सांगणे आवश्यक आहे. आमच्या गावात साऱ्या घरांच्या कोंबड्या एकत्र चरतात. तंटा होऊ नये म्हणून प्रत्येक घराचा एक रंग ठरलेला आहे. मीराबाईचा गुलाबी, आमचा हिरवा. हा रंग पाठीवर लावतात, आणि पाखरू परगावी न्यावयाचे असेल तर तो ताजा करतात, जेणेकरून गर्दीत अदलाबदल होऊ नये. आदल्या दिवशी माझी पत्नी हाजरा रंगाची वाटी धरून उभी होती, तेव्हा मीराबाई म्हणाली होती, "पाठीवरचा जुना धुवून काढला, आता तिथी नको, हाजरा. पांढरा हाये तर पांढराच दिसू दे त्याले. पंखाखाली लावतो."

शोभेला बाध येऊ नये म्हणून पाळलेली ती मर्यादा होती. तीच तिच्या विरुद्ध पुरावा ठरली.

थोड्याच वेळात भोंगा वाजला. "पांढऱ्या गटातील स्पर्धक मीराबाई यांनी पक्ष्यास कृत्रिम रंग लावून परीक्षकांची फसवणूक करण्याचा प्रयत्न केल्याने त्यांचा पक्षी बाद करण्यात येत आहे."

साऱ्या मैदानाने ते ऐकले. आमच्या गावचे लोकही तेथे होते.

मीराबाई टेबलापाशी गेली. मी तिच्या मागोमाग गेलो.

"साहेब, साबण-पाणी द्या. तुमच्यासमोर धुतो. खाली पांढरंच पीस नाई निघालं तर मले म्हणा चोर."

"बाई, लपवायचे नव्हते तर पंखाखाली कशाला लावला?"

"लपवाले नाई. चांगला दिसावा म्हून."

"नियम सर्वांना सारखा आहे."

पहिला क्रमांक एका ठेकेदाराच्या कोंबड्याला मिळाला होता. त्याचा तुरा खोबरेल तेलाने असा चकाकत होता की त्यात ऊन दिसावे. मी म्हणालो, "साहेब, हे तेल चालते का?"

"ते सादरीकरण आहे."

"म्हंजे पैसेवाल्यानं माखलं तर सादरीकरण, अन् आमच्या बाईनं बोट लावलं तर फसवणूक?"

"तुम्ही कोण?"

"शेजारी."

"मग शेजारी उभे राहा."

टेबलाभोवतीची मंडळी हसली. मी टेबलाकडे सरसावलो. तथापि मीराबाईने हाताने मला मागे सारले.

"मले नंबर नोका देऊ," ती म्हणाली. "फक्त भोंग्यावरून येवढं सांगा, का मीराबाईनं फसवलं नाई. गावात लोकांच्या कोंबड्या माह्या भरोशावर असतात."

"भोंग्यावर आता पाहुण्यांचे सत्कार आहेत," परीक्षक म्हणाले, आणि सोबतच्या माणसाने उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा एक डबा तिच्यापुढे सरकवला. तिने तो उचलला, टेबलावरील इतर डब्यांच्या रांगेत नीट लावून ठेवला आणि कोंबडा काखेत घेऊन चालू लागली.

तिने भोंग्याचा आग्रह का धरला, हे त्या सभ्य गृहस्थांना कळणे शक्य नव्हते. मीराबाई लोकांच्या कोंबड्या अर्ध्या वाट्याने सांभाळते. कोंबडी त्यांची, राखण हिची, पिल्ले निम्मी-निम्मी. किती अंडी उबली, किती पिल्ले घारीने नेली, हे ती सांगेल तेच खरे. कोणी मोजावयास येत नाही. तिचा सारा संसार या एका शब्दावर उभा आहे.

आम्ही गावी परतलो तेव्हा गावाच्या पलीकडच्या टोकाला राहणारा बुधू तिच्या अंगणात उभा होता. बातमी आमच्या ऑटोपेक्षा वेगाने आली होती.

"बाई, माही कोंबडी नेतो."

"अंड्यावर बसून राह्यली ना ते. अंडी थंडी पडतील, बुधू."

"पडू दे."

"काऊन? काय झालं?"

"काई नाई. बायको म्हणते, घरीच बसवू."

तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. मीराबाईने स्वतः टोपले उघडून कोंबडी त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर तिने ती उबदार अंडी पदरात गोळा केली आणि आपल्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली एकेक करून सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाजराला हाक मारली. हाजरा रंगाची वाटी घेऊन गेली. मी अंगणात ऑटो पुसत होतो.

"आता कुठी लावता, बाई?" हाजराने विचारले.

मीराबाईने उजवा तळवा वाटीत बुडवला आणि कोंबड्याच्या पांढऱ्या छातीवर पाची बोटांसह दाबून धरला. मग हात पुसत तिने मला विचारले, "सादिकभाऊ, बुधूच्या घरचा रंग कोणता हाये?"

"निळा."

"मग बाजारातून निळी पुडी आणजा. पिल्लं निघाली का त्याच्या वाट्याच्यायले लावा लागन."

तिने कोंबड्याला सोडले. त्याने अंग झाडले आणि तो गुलाबी पंजा छातीवर घेऊन आमच्या हिरव्या पाठीच्या कोंबड्यांमधून, गावाच्या वाटेने, मान ताठ करून चालत गेला.