गिरजाबाईंनी काढलेला गंज

नीतू मूळची नाशिकची. लग्न करून भिलाईत आली आणि वर्षभरात व्हिनेगरला सिरका म्हणायला शिकली. पण सासरची विदर्भाकडची बोली तिला अजून पुरती उमगली नव्हती. त्या दिवशी बँकेत जाता जाता ती सासूला, गिरजाबाईंना, दारातूनच सांगून गेली, "आई, तेवढा गंज काढून ठेवा. सिरका आणि मीठ टाकून."

अंगणात तीन पावसाळे उभी असलेली मारुती सासऱ्यांनी, टिकारामांनी, भंगारात काढली होती. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला, मग गाडी चालवणार कोण? संध्याकाळी खुर्सीपारचा भंगारवाला भय्याजी टेम्पो घेऊन येणार होता. पण नीतूच्या माहेरी गॅरेज. तिनं बॅटरी चार्ज करून इंजिन सुरूही केलं होतं. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दबत नव्हता. त्याचा बोटभर लिव्हर आणि दोन पिना लालभडक होऊन जाम झालेल्या. त्या तिनं काढून थाळीत ठेवल्या. भय्याजी यायच्या आत गाडी फाटकाबाहेर निघाली तर राहील, असं टिकारामांनी कबूल केलं होतं.

गाडी राहावी म्हणून गिरजाबाईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता. इतकी वर्षं नवरा नेईल तिथं त्या गेल्या, त्याला कंटाळा आला की परतल्या. आता सून गाडी चालवणार होती!

आता, विदर्भातल्या माणसाला गंज म्हणजे भांडं. लोखंडाला लागतो तो जंग. गिरजाबाईंनी माळ्यावरून वरणाचा मोठा स्टीलचा गंज काढला, घासूनपुसून लख्ख केला, त्यात सिरक्याच्या दोन बाटल्या रिकाम्या केल्या, मूठभर मीठ टाकलं आणि झाकण ठेवलं. दिवसभर त्या झाकण उचलून बघत होत्या. आत काही होत नव्हतं. पण सून शिकलेली, तेव्हा होईलच काहीतरी.

चारच्या पुढं नीतू आली आणि थाळीत तशाच पडलेल्या पिना बघून थबकली. गंज काढला नाही का, असं तिनं विचारलं.

"काढला ना," गिरजाबाई अभिमानानं म्हणाल्या. "हा काय."

नीतूनं गंजाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि पोट धरून खालीच बसली. हसता हसता तिनं तो जंगाचा घोळ समजावून सांगितला. मग घड्याळ दिसलं आणि तिचं हसू विरलं. सिरक्यात दिवसभर तरी भिजायला हवं होतं.

गिरजाबाईंनी थाळीतल्या पिना उचलून पाहिल्या. आपल्याच हातानं गाडी भंगारात घातली की काय! पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"तापवू काय?" त्या म्हणाल्या. "चिंचेचं पानी गरम असलं का पितळ लवकर निघते."

नीतू उडालीच. खिडक्या उघडल्या, गॅस पेटला, लिव्हर आणि पिना गंजात पडल्या. वाफेनं नाक झोंबू लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण सिरका तांबूस होऊ लागला तशा दोघी हरखल्या. जुन्या टूथब्रशनं घासायला घेतलं, तर आतलं लोखंड चक्क दिसू लागलं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं, पुसलं, शिलाई मशीनचं तेल लावलं. लिव्हर बोटानं सरकन फिरला! गिरजाबाईंनी तो उगाचच चार वेळा फिरवून पाहिला.

नीतू शेवटचा बोल्ट आवळत होती तेवढ्यात गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. टिकाराम लंगडत फाटक उघडायला निघाले. त्यांनी फाटक उघडलं आणि मागून मारुती अशी गुरगुरली की बिचारे भिंतीला चिकटले. गाडी बाहेर आली. भय्याजीलाच टेम्पो मागे घ्यावा लागला.

नीतूनं पुढचं दार उघडलं. गिरजाबाई धापा टाकत आत बसल्या, पदर सावरला.

"कुठे जायचं, आई?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

"सीधी चाल," त्या म्हणाल्या. "कुठं वळाचं ते मी सांगीन."