पलंगाखालच्या विटा

ह्युबर्ट तुस्कानो हा वसईकडचा, नंदाखालचा वाडीवाला माणूस. लग्नाला आठ महिने झाले नाहीत तोवर चौऱ्याहत्तर साली बहारीनला आला, मनामाच्या एका हॉटेलात एसी दुरुस्तीच्या कामावर. पुढची सात वर्षं कामगारांच्या कॅम्पात. एका खोलीत आठ माणसं, आणि ज्याची त्याची पेटी ज्याच्या त्याच्या खाटेखाली. पेटी खाली सरकवली की माणूस राहिला, ओढून काढली की माणूस गावाला निघाला. एवढाच तिथला संसार.

एक्क्याऐंशीत त्याला फोरमन केलं आणि बायको आणायची मुभा मिळाली. त्याने मनामातल्याच नईम वस्तीत जुनं घर भाड्याने घेतलं. दोन खोल्या, पुढे चटईएवढं अंगण. त्यानंतर वर्षभर हा गडी दुसरं काही बोललाच नाही बघा. ड्यूटी सुटली की घर, सुट्टी असली की घर.

हॉटेलवाले जे फेकतील ते हा उचलून आणायचा. विटलेल्या पडद्याच्या उलट्या बाजूने पडदे शिवले. मोडक्या दोन खुर्च्यांची एक खुर्ची केली. भिंतीला खिळे मारले, मोजून मारले; झारा एका खिळ्याला, चिमटा दुसऱ्याला, केरसुणी दाराआड तिसऱ्याला. अंधारात हात घातला तरी पाहिजे ती वस्तू हातात यावी असं ते घर.

आणि पाणी. तिथे नळाला मचूळ पाणी यायचं, प्यायचं गोडं पाणी टँकरवाल्याकडून घ्यायचं. पण ह्युबर्ट पडला एसीवाला. एसीतून जे थेंब थेंब गळतं त्यात मीठ नसतं, हे त्याला ठाऊक. त्याने एसीला रबरी नळी लावून ती अंगणातल्या ड्रममध्ये सोडली. उन्हाळ्यात हवा अशी ओली की दिवसाला बादली भरायची. थंडीत एसी बंद, म्हणून थंडीचं पाणी उन्हाळ्यातच साठवायचं. असे सहा ड्रम, प्रत्येकावर खडूने महिना लिहिलेला.

हे सगळं एका केळीपायी. मागच्या सुट्टीत त्याने वाडीतलं केळीचं पिल्लू ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं होतं. त्या भुरकट मातीत ते जगलं. रेजिनाला, म्हणजे बायकोला, तो पत्रात लिहायचा, सातवं पान आलं. नववं आलं. तू येशील तेव्हा घड लागलेला असेल. स्वतःबद्दल काय लिहावं ते त्याला सुचायचं नाही, मग तो केळीबद्दल लिहायचा.

तिकडे रेजिना सासूचं करत होती. मूलबाळ झालं नाही. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात सासू गेली आणि ऑक्टोबरात रेजिना आली, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. लान्सी म्हणून वसईचाच एकजण ऑफिसात व्हिसाचं काम बघायचा. त्याने ह्युबर्टला सांगून ठेवलं होतं, तिसरा महिना संपायच्या आत वहिनीचा पासपोर्ट आणून दे, कायमचा शिक्का मारून घेतो. तारीख चुकली तर मात्र खलास, पुन्हा पहिल्यापासून.

घरात आल्या आल्या ह्युबर्टने तिला सगळं फिरून दाखवलं. शेवटी पलंग. पलंगाच्या चारी पायांखाली त्याने दोन-दोन विटा घातल्या होत्या. तिची पेटी उचलली आणि खाली सरकवली. पेटी अगदी बरोबर बसली, बोटभर जागा वर.

"माप पत्रातून मागवलं होतं ना, ते याच्यासाठी," तो म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

रेजिनाही हसली. दमली होती बिचारी.

पहिला आठवडा बरा गेला. मग असं व्हायला लागलं की रेजिनाने झारा धुऊन ओट्यावर ठेवला की हा घरात शिरताच तो उचलून खिळ्याला लावायचा. बोलायचा काही नाही. तिने खुर्ची दाराशी ओढली की संध्याकाळी ती परत भिंतीशी. तिने एकदा ड्रममधलं पाणी काढलं तर म्हणाला, "त्याला हात लावू नको, ते जानेवारीचं आहे." ऑक्टोबरात. का, कशाला, ते काही नाही. आठ वर्षं एकटा राहिलेला माणूस, त्याला सगळं माहीत असायचं आणि दुसऱ्याला सांगायला लागतं हेच तो विसरून गेला होता.

आता रेजिना वाडीत वाढलेली. तिच्या माहेरी विहिरीवर रहाट, पाटाने पाणी सुटलेलं, प्रत्येक केळीला हातभर आळं. आणि हा केळीला दिवसाला दीड तांब्या घालतो, मोजून. तिला वाटलं, परदेशात राहून माणूस पाण्याला पण चिकट झाला. तो कामावर गेला की ती नळाखाली बादली लावायची आणि आळं करून केळीला पोटभर पाणी पाजायची. दोन बादल्या. कधी तीन. त्या घरात तिने आपल्या मनाने केलेलं तेवढं एकच काम.

तीन आठवड्यांत पानांच्या कडा जळाल्या. महिना झाला तेव्हा मातीवर पांढरं फुटलं. ह्युबर्टने बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नळाची चावी काढून खिशात घातली आणि रात्री चिठ्ठ्या लिहून ड्रम-बादल्यांवर चिकटवल्या. हे पाणी झाडाला. हे भांड्याला. हे लादीला. त्याला खरंच वाटलं की आता तिला सोपं जाईल.

रेजिना दुपारची शेजारच्या नूरबानोच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. नूरबानो मूळची सुरतची, नवरा शिंपी. एकीची हिंदी तुटकी, दुसरीची त्याहून, पण दोघी मिळून शेंगा सोलायच्या. एक दिवस नूरबानोने ह्युबर्टला वाटेत थांबवलं.

"घर तो बहुत साफ है, भाई," ती म्हणाली. "पर वो बैठे कहाँ?"

ह्युबर्टला काही कळलं नाही. खुर्ची तर होती.

डिसेंबर संपत आला. नाताळाला चर्चमधून आले, जेवले, झोपले. लान्सीने तिसऱ्यांदा आठवण केली, गुरुवार शेवटचा. गुरुवारी सकाळी ड्यूटीवर निघताना ह्युबर्टने पासपोर्ट मागितला.

रेजिना खाली बसली आणि पलंगाखालून पेटी ओढली. झाकण उघडलं. ह्युबर्ट वाकून बघायला लागला आणि तसाच राहिला. लुगड्यांच्या घड्या जशा गावाहून आल्या तशा. मध्ये डांबरगोळ्या. कोपऱ्यात पितळेचा क्रूस, रुमालात बांधलेला, कुठे लावलाच नव्हता. विमानाची चिठ्ठी कडीला अजून लोंबत होती. तीन महिने ही बाई रोज एक लुगडं काढत होती, धुऊन परत त्यातच ठेवत होती.

"कपाटात का नाही ठेवलंस?" तो म्हणाला.

"कपाटात तुमचे पाने-पकडी आहेत. त्यांना चिठ्ठ्या आहेत." तिने पासपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला. "या घरात झाऱ्याला खिळा आहे ओ. मी कुठे लटकू?"

त्याला कॅम्पातली खोली दिसली. आठ पेट्या. त्यातली एक तरी कुणी कधी रिकामी केली होती का? कुणीच नाही. आपण तिला बायको म्हणून बोलावलं आणि खाट दिली कॅम्पातली.

"हा तिकिटासाठी घ्या," रेजिना म्हणाली. "शिक्क्यासाठी नको."

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. आठ वर्षांत पहिली दांडी. कपाट रिकामं केलं, पाने-पकडी अंगणात नेऊन टाकल्या, फळ्या पुसल्या, चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या. चावी नळाला परत बसवली. रेजिना बघत होती. रागात नव्हती. मधेच तिने त्याला चहा करून दिला, आणि झारा आपणहून खिळ्याला लावला.

"राहा ना," तो म्हणाला.

"आता नको ओ. केळ मी मारली, मला ठाऊक नव्हतं. पण तीन महिन्यांत तुम्ही मला एवढंही सांगितलं नाही." कप विसळत म्हणाली, "पत्रात बरं लिहायचात तुम्ही. केळीबद्दल."

रविवारी ती गेली. विमानतळावर गर्दीत तिने मागे वळून पाहिलं की नाही ते त्याला कळलं नाही. घरी आला तर पडदे, खिळे, खुर्ची, सगळं जागच्या जागी. त्याने खुर्ची ओढून दाराशी ठेवली, जिथे ती ठेवायची तिथे. बसून बघितलं. तिथून नूरबानोची पायरी दिसत होती, आणि आभाळाचा एक तुकडा. वर्षभर त्या घरात राहून त्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

मग उठला. पलंगाच्या एकेका पायाला खांदा लावून खालच्या विटा काढल्या. आठ विटा. त्या मेलेल्या केळीभोवती मांडल्या, आणि जानेवारीचा ड्रम, जानेवारी लागला होताच, तिच्या मुळाशी सगळा ओतला. मीठ खाली जाईल, न जाईल.

लान्सी म्हणाला होता पुन्हा अर्ज करायला वर्ष तरी जाईल, इंशाल्ला. ह्युबर्टने वहीचं पान फाडून पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत केळ आली, ती खोडली. मग लिहिलं:

रेजिना, आज दोन माणसांचा भात शिजवला आणि जेवलो नाही. पलंगाखालच्या विटा काढल्या आहेत. आता पेटी खाली जात नाही.