माझ्या टाकीत उतरलेली वाफ

मी बर्फ उडवणारी मशीन बोलतेय. त्या सकाळी सगळ्यात आधी बिघडला तो माझा खोकला. एरवी दोर ओढला की मी दोनदा खोकते आणि धडधडायला लागते. त्या दिवशी एकदाच खोकले, तेही घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि गप्प झाले.

"आता हे काय?" हेल्मी दचकून मागे सरकली.

माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य सुरू झालं ते हेल्मीचा बाप अर्वो मला या जुन्या तांब्याच्या खाणींच्या गावात घेऊन आला तेव्हा. इथे बर्फ खिडक्यांपर्यंत चढतो. अर्वो मला सरपणाच्या उघड्या छपराखाली ठेवायचा. फिनिश भाषेत शिव्या घालायचा, पण माझा प्लग न विसरता पुसायचा. तो गेल्यावर अख्खा हिवाळा मी ताडपत्रीखाली पडून होते. रस्त्यापलीकडच्या घरातला रेनो कांगास न सांगता आमची दारापासून फाटकापर्यंतची वाट मोकळी करून जायचा. आमच्या गावात मदत कुणी मागत नाही. शेजारी आपणहून करतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

यंदा कॉलेज संपवून हेल्मी आजारी आईपाशी राहायला आली. तिने रेनोला सांगून टाकलं, "काका, यंदा आमचं आम्ही बघू." माझं तेल बदललं, ताजं पेट्रोल भरलं. मी एका ओढीत सुरू व्हायचे.

शनिवारी थंडी फार वाढली आणि हेल्मीला माझी दया आली. आंघोळीसाठी सौना, म्हणजे अंगणातली वाफेची खोली, तापवली होती. तिने मला सौनाच्या बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीत आणून उभं केलं.

"मशीनलाही आंघोळ घालतेस की काय?" आई नाकाशी लावलेली ऑक्सिजनची नळी सरळ करत म्हणाली.

"थंडीनं आखडते गं ती."

"तुझा बाप असता तर तुलाच बाहेरच्या छपराखाली झोपवलं असतं त्यानं!"

माझं अंग गार आणि हवा ओली. वाफ माझ्या अर्ध्या रिकाम्या टाकीत शिरली, पाणी होऊन तळाशी बसली. सकाळी बाहेर काढताच ते पाणी कार्बोरेटरमध्ये गोठलं. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

आईचं ऑक्सिजनचं शेवटचं सिलिंडर संपत आलं होतं. नवी सिलिंडरं आणणाऱ्या गाडीवाल्याचा फोन आला, "वाट मोकळी नसेल तर मी गाडी वर घालणार नाही हं. मागे रुतलो होतो." आणि वाटेच्या तोंडाशी तर सरकारी गाडीने रस्त्यावरचा सगळा बर्फ ढकलून कमरेएवढी भिंत घातलेली.

हेल्मीने चोक ओढला, रबरी बटण दाबलं. मी फट् करून धूर सोडला, तशी ती किंचाळलीच. मग प्लग काढून पुसला. प्लग बिचारा चांगला होता. फावडं त्या गोठलेल्या भिंतीवरून नुसतं घसरत होतं.

"झाली का गं वाट मोकळी?" आतून आईने विचारलं. मध्येच दम लागून ती थांबली.

हेल्मीने रेनोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. "रागावलेत ते माझ्यावर," ती पुटपुटली आणि हातमोज्याने नाक पुसलं.

रागावला नव्हता गं. तिकडे त्याची मशीन गर्जत होती, फोन कोटाच्या आतल्या खिशात. बर्फ पडला की अख्खं गाव असंच बहिरं होतं.

माणसांनो, माझ्यावर माया करा, पण ऊब देऊ नका. मी थंडीतली आहे, मला थंडीतच राहू द्या. पाणी काढलंत तर मी अजून पुष्कळ वर्षं तुमच्या दाराशी राबेन.

हेल्मी पुन्हा नंबर लावत होती, तेवढ्यात रस्त्यापलीकडची गर्जना जवळ येऊन थांबली.

"बोल पोरी," फोनमधून रेनोचा धापा टाकणारा आवाज आला. "मघापासून बघतोय तुझी झटापट. पण तूच नको म्हणाली होतीस ना? तुमच्या फाटकापाशीच उभा आहे मशीन घेऊन. येऊ का?"