सावडीचा दिवस

माले गावात भातलावणी सावडीवर चालते. आज तुमच्या खाचरात आमची माणसं, उद्या आमच्यात तुमची. जयाच्या घरची लावणी गेणबाची माणसं येऊन उरकून गेली होती. आता गेणबाच्या वावराची पाळी होती, आणि जायचं होतं तिच्या नवऱ्याला, निरंजनला.

निरंजनला तर अंथरुणात उठून बसायलाच सगळा जीव एकवटावा लागे. उदासीच्या आजारानं कारखान्यातून रजेवर आलेला. गोळ्यांनी मन जरा सावरलं होतं, थकवा मात्र हाडात मुरलेला. झोपही नव्हती. शेवटी डॉक्टरांच्या संमतीनं पुण्यातल्या वैद्यांनी विजयेचं तेल लिहून दिलं, रात्री जिभेखाली घ्यायचे थेंब. विजया म्हणजे गांजाचंच झाड. दोन वर्षांच्या दिशाच्या हाती लागू नये म्हणून जया ती बाटली कुलपात ठेवी, आणि येताजाता कुलूप ओढून बघे.

"त्याच्या जागी मी जातो," सासरे हैबतराव म्हणाले.

"तात्या, तुमचे गुडघे चिखलात उभे राहतील का?"

"मग मजूर धाडू."

हे ते बोलले खरे, पण स्वतःच मान खाली घालून. सावडीला मजूर धाडणारं घर पुढल्या साली सावडीत कोण घेतो?

सकाळी जयानं कुलूप काढलं. तेलानं रात्री झोप लागते, म्हणजे गुण आहे. मग आता थोडं दिलं तर दिवसभर अंगात जोर राहील, असा तिनं हिशेब केला. बूच काढलं, तेवढ्यात मागून निरंजननं तिचं मनगट धरलं.

"ते झोपेसाठी हाय जया. आत्ता घेतलं तर खाचरातच आडवा व्हईन."

"मग तुम्ही जाणार कसे?"

"सांगून."

काय सांगून, ते तिला कळलं नाही. पाण्याच्या कळशीचं निमित्त करून, दिशाला कडेवर घेऊन ती त्याच्या मागोमाग गेणबाच्या खाचराकडे निघाली.

बांधावर गेणबा उभाच होता. "काय रं निरंजन, गांजाचं तेल पितोस म्हणं? मग तर आज चौघांची लावणी एकटा करशील."

बायका पदराआड हसल्या. निरंजन शांतपणे चपला काढत होता.

"तेल गांजाचंच हाय काका, वैद्यांच्या चिठ्ठीवर. त्यानं झोप लागती. थकवा अजून गेला न्हाई. मनाचा आजार हाय, अंगातलं बळ काढून घेतो. वाकून लावणी मला झेपायची न्हाई. बसून रोपं उपटतो, जुड्या बांधतो. आमचा दिवस पुरा धरायचा का अर्धा, ते तुमी ठरवा."

आता कोणी हसलं नाही. रोपं उपटणं म्हणजे म्हाताऱ्यांचं आणि लेकुरवाळ्यांचं काम. तरण्या गड्यानं ते चारचौघांत मागून घ्यायचं, तेही आजाराचं नाव सांगून, हे जयानं कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याचं दुखणं ती माहेरीसुद्धा अशक्तपणा म्हणून सांगत आली होती.

"सरका गं, त्याला जागा द्या," गेणबाची बायको कल्पना म्हणाली. "बस हितं माझ्यापाशी. मुळं तोडू नकोस मात्र, न्हाई तर शिव्या खाशील."

निरंजन तिच्याशेजारी लाकडी पाटावर बसला. उपटायचा, मुळं पाण्यात धुवायचा, बांधायचा. मधेच हात थांबत. एकदा तर तो उठून बांधावर आडवा झाला, टोपी तोंडावर घेऊन. जयाचे पाय त्याच्याकडे धावायला बघत होते, पण तिनं ते रोखून धरले. काही वेळानं तो आपणच उठला आणि परत पाटावर जाऊन बसला. तो उठताना तिला त्याचा चेहरा दिसला, दमलेला, पण कुणापासून काही लपवत नसलेला. या माणसाला आपण बाटलीतून जोर पाजायला निघालो होतो, असं तिच्या मनात येऊन गेलं.

दिवेलागणीला गेणबा पाय धुता धुता म्हणाला, "हैबतरावांना सांग, दिवस पुरा धरलाय. सावडीत माणूस धरत्यात, लावणीच्या वळी न्हाईत मोजत." मग पाय पुसत, "उद्या वरच्या खाचराला येतोस ना?"

पूर्वीचा निरंजन लगेच हो म्हणाला असता आणि सकाळी तोंडावर पांघरूण ओढून पडून राहिला असता.

"सकाळी उठून सांगतो काका," तो म्हणाला. "आत्ता हो म्हणत न्हाई."

"बरं. सांग," गेणबा म्हणाला.

जयानं दिशाला निरंजनकडे दिलं आणि कळशी स्वतः उचलली.